१८३१ फूट

कल्याणहून पुण्याकडे जाताना कर्जत सुटले की डावीकडची खिडकी मिळावी, यासाठी मी लहानपणी भावंडांशी भांडत असे आणि आजही मनातल्या मनात सहप्रवाशांशी भांडतो. बोगदा आला की ओरडायचे, बोगदा संपला की दरीकडे पाहायचे, आणि समोरच्या डोंगरावरचे राजमाचीचे दोन बालेकिल्ले ओळखीचे असल्यासारखे शोधायचे, एवढाच त्या प्रवासाचा विधी होता. त्या दरीच्या पलीकडच्या काठाने एकदा चालत यावे आणि आपली गाडी तिकडून कशी दिसते ते पाहावे, हे मात्र सुचायला पन्नाशी उलटावी लागली.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी तो योग आला. आम्ही अकरा जण होतो. त्यातले सात नेहमीचे डोंगर भटकणारे, तिघे त्यांच्या आग्रहाला बळी पडलेले आणि एक काका, जे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. लोणावळ्याला उतरायचे, तुंगार्लीवरून वळवण धरणाच्या बाजूने राजमाचीच्या वाटेला लागायचे, पायथ्याच्या उधेवाडीत जेवायचे, आणि दुपारी कोंढाण्याच्या लेण्यांवरून खाली कोंदिवड्यात उतरून संध्याकाळी कर्जत गाठायचे, असा बेत होता. घाट चढायचा गाडीने आणि उतरायचा पायांनी, हे गणित मला फार आवडले होते. उतरताना गुडघे काय म्हणतात याचा विचार त्या गणितात नव्हता.

पहाटेची इंद्रायणी एक्स्प्रेस कर्जतला थांबली तेव्हा बहुतेक जण वडापावाकडे धावले. काका मात्र शेवटच्या डब्याच्या दिशेने चालू लागले, म्हणून मीही त्यांच्यामागे गेलो. गाडीच्या पाठीशी बँकर लागत होते. घाट चढताना पुढच्या इंजिनाला मागून रेटा देणारी ही इंजिने जोडली जाताना जो हलका धक्का बसतो, तो मी इतकी वर्षे डब्यात बसून अनुभवला होता, पण तो कुठून येतो ते प्रथमच उभे राहून पाहिले. काका म्हणाले, "इथून वर जास्तीत जास्त ३७ला एक असा चढ आहे. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. चालणाऱ्या माणसाला ते जाणवणारसुद्धा नाही, पण गाडीला ती भिंत आहे. लोखंडावर लोखंड, धरणार कशाला?"

बोरघाटाची ही भिंत चढण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ साली सुरू केले. मुंबई-ठाणे गाडी धावून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. जेम्स बर्कली हा मुख्य अभियंता. पळसदरीपासून घाटमाथ्यापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरच्या मार्गावर १८३१ फूट उंची चढायची, त्यासाठी पंचवीस बोगदे खणायचे आणि दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल उभारायचे, असा तो आराखडा होता. खंडाळ्याच्या खाली एका सोंडेवर गाडीला वळायलाच जागा नव्हती, म्हणून तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट दिशेने पुढची चढण घ्यायची, अशी युक्ती काढली गेली. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ सालापर्यंत वापरात होते. बर्कलीला काही पूर्ण झालेला मार्ग पाहायला मिळाला नाही. तो १८६२ साली वारला आणि घाट सुरू झाला एप्रिल १८६३ मध्ये.

लोणावळ्याला उतरल्यावर चिक्कीच्या दुकानांची रांग मागे टाकून आम्ही तुंगार्लीचा चढ घेतला. थोड्याच वेळात वळवणचा जलाशय दिसू लागला. पाऊस नुकताच सरला असल्यामुळे तलाव तुडुंब होता, आणि सकाळच्या उन्हात त्याच्याकडे पाहिल्यावर कोणालाही ते सहलीचे ठिकाण वाटावे. खरे तर तो एका कारखान्याचा कच्चा माल आहे. मुंबईच्या गिरण्या दुरून आणलेल्या कोळशावर चालत होत्या, त्या काळी सह्याद्रीच्या पावसावर त्या चालवाव्यात ही कल्पना जमशेटजी टाटांनी धरून ठेवली. ते १९०४ साली गेले. त्यांच्यामागे १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, लोणावळा, वळवण आणि शिरवता अशी धरणे बांधली गेली, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. माथ्यावरचे पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५३० मीटर खाली सोडायचे आणि त्याच्या मारावर चाके फिरवायची, इतके ते साधे तत्त्व आहे. खोपोलीचे ते वीजघर आज ७२ मेगावॉटचे आहे.

धरणाकडे पाहत असताना मी सहज हिशेब केला. ५३० मीटर म्हणजे साधारण १७४० फूट. रेल्वेला जी उंची चढण्यासाठी सात वर्षे डोंगर फोडावा लागला, जवळजवळ तीच उंची पन्नास वर्षांनंतर शेजारच्याच कड्यावर कोणीतरी भांडवल म्हणून वापरली. एकाच्या हिशेबात जो खर्च होता तो दुसऱ्याच्या हिशेबात जमा झाला, आणि सह्याद्री जागचा हललाही नाही. हे काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आताची थ्री-फेज इंजिनं घाट उतरताना ब्रेक लावला की वीज परत तारेत टाकतात. म्हणजे उतरणारी गाडी तुमच्या त्या पाण्याचंच काम करते." दिवसभर चालताना हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

या पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वळवणचे पाणी मुळात इंद्रायणीच्या खोऱ्यातले. त्याला कोणी हात लावला नसता तर ते देहू-आळंदीवरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळाले असते. आता ते कड्यावरून पश्चिमेला उडी घेते, चाके फिरवते आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे जाते, आणि वाटेत तिथल्या उद्योगांची तहान भागवते. टाटांचेच भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. त्याचे सोडलेले पाणी उल्हास नदीला मिळते आणि उल्हासचे पाणी आमच्या कल्याणच्या नळाला येते. म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस आधी वीज होतो आणि मग आमच्या घरात चहाचे आधण. मुळशीच्या शेतकऱ्यांना मात्र हा व्यवहार इतका गोड लागण्याचे कारण नव्हते. त्यांच्या जमिनी बुडवून टाटांचे धरण होऊ लागले तेव्हा १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, आणि धरण तरीही झाले. आमच्या अकरा जणांपैकी चौघांनाच मुळशी सत्याग्रह ठाऊक होता. मुळशीला सहलीला मात्र अकराच्या अकरा जण जाऊन आलेले होते.

फणसराईच्या पुढे वाट जंगलात शिरते आणि डावीकडे दरीची चाहूल लागते. सोनकी सरत आली होती, तेरड्याच्या शेंगा हात लावताच फुटत होत्या, आणि उघड्या पठारावर आले की ऑक्टोबरचे ऊन मानेवर बसत होते. उल्हास नदीचा उगम इथलाच, राजमाचीच्या डोंगरांच्या कुशीतला. जी नदी कल्याणच्या पुलाखाली मचव्यांच्या जोगी रुंद होते, ती इथे दोन दगडांमधून वाट काढणारा ओहोळ असते. दरीच्या भिंतीवर आडव्या रेघा ओढल्यासारखे थर स्पष्ट दिसतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरत गेला आणि थिजला, त्याचे हे थर. ज्या शब्दावरून या खडकाला दख्खनचा ट्रॅप म्हणतात, तो मूळचा स्वीडिश भाषेतला असून त्याचा अर्थ जिना असा आहे. एका वळणावर वाटेला लागून हाताच्या उंचीवर विटकरी रंगाचा पट्टा होता. खाली काळा कातळ, वर काळा कातळ, आणि मध्ये वीतभर तांबडी, नखाने टोकरली तर भुगा होणारी माती. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात उघड्या पडलेल्या खडकाचे हे झालेले रूप. मी त्यातली चिमूटभर माती तळहातावर घेतली. ती घामाने ओली झाली आणि तळहाताच्या रेषांत बसली, ती रात्री घरी साबणाने घासेपर्यंत निघाली नाही.

त्या पट्ट्याच्या वरचा कातळ मात्र वेगळ्या जातीचा होता. आमच्यातल्या एकाने काठीच्या लोखंडी टोकाने त्यावर टोला मारला, तर खणकन आवाज होऊन काठीच परत आली. असा खडक पंचवीस ठिकाणी आरपार भेदायचा होता, आणि तोही डायनामाइट अस्तित्वात येण्याआधी, कारण नोबेलने त्याचे पेटंट घेतले ते १८६७ साली. बोरघाटात जे चालले ते पहार, सुतकी, घण आणि काळी दारू यांच्या बळावर. कड्याच्या मध्यावर बोगद्याचे तोंड पाडायचे असेल तर तिथे उभे राहायला जागा नसे, म्हणून माणसांना वरून दोरांनी खाली सोडत. आम्ही सुती टोप्या घालून ज्या वाटेवर उन्हाची तक्रार करत होतो, तिच्या समोरच्या भिंतीवर ही माणसे लोंबकळत होती.

उधेवाडीत पोचायला दीड वाजला. जिथे जेवण सांगितले होते त्या घरी मावशींनी आम्हाला आधी ओसरीवर बसवले, पाणी दिले आणि मग म्हणाल्या, "बारा वाजता येतो म्हणाला होतात. भाकऱ्या आता नव्यानं थापते, गारढोण नका खाऊ." तांदळाची भाकरी, पिठले, लसणीचा ठेचा आणि कांदा असे ते जेवण होते. जेवताना मी त्यांना विचारले की इथून गाडी दिसते का. त्यांनी हातातले पीठ न झटकता कोपरानेच दिशा दाखवली आणि सांगितले, "त्या टेपाडावर जा. दिसायच्या आधी ऐकू येईल. रात्री तर दिव्यांची माळ सरकते."

टेपाडावर आम्ही तिघेच गेलो. बाकीचे लवंडले होते. समोर पूर्ण दरी, तिच्या तळाशी झाडी, आणि पलीकडच्या भिंतीवर मंकी हिलपासून नागनाथकडे उतरत जाणारी एक बारीक, आडवी ओरखड्यासारखी रेघ. तिच्यावरून गाडी जाते यावर विश्वास बसत नव्हता. मग खरोखरच आधी आवाज आला, खाली कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा घरघरता. त्यानंतर एका काळ्या ठिपक्यातून निळसर सुरवंट बाहेर पडला, थोडे अंतर गेला आणि दुसऱ्या ठिपक्यात शिरला. त्याचे तोंड आत गेले तरी शेपूट अजून बाहेरच होते. ज्या बोगद्यात मी लहानपणी जीव खाऊन ओरडत असे, तो इथून भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकाएवढा होता.

काका घड्याळ पाहत होते. उतरणारी गाडी मध्येच थांबली तेव्हा आमच्याबरोबरच्या मुलीने विचारले की बिघाड झाला का. काकांनी समजावले की घाट उतरताना ठरलेल्या जागी गाडी थांबवावीच लागते. तिथे रुळांचे सांधे मुळात कॅच सायडिंगच्या, म्हणजे बाजूला काढलेल्या रुळांच्या, दिशेने लावलेले असतात, आणि ती सायडिंग चढणीवर जाऊन संपते. गाडी ताब्यात आहे हे ड्रायव्हरने ती थांबवून दाखवले, तरच पुढचा सरळ मार्ग मोकळा होतो. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप सायडिंगवर चढून थकते. "खेकडा घाटात चालवायचं भाग्य मला मिळालं नाही," ते म्हणाले. १९२९-३० च्या सुमारास या मार्गावर वीज आली तेव्हा आलेल्या त्या लांब नाकाच्या स्विस धाटणीच्या मालगाडीच्या इंजिनांना रेल्वेतली माणसे खेकडा म्हणत. "मी लागलो तेव्हा ते व्हीटीला डबे ढकलत होते. पण कॅच सायडिंगला मी किती वेळा थांबलो असेन, सांगता येणार नाही. दर वेळी थांबलो की वाटायचं, थांबलो."

त्या टेपाडावर बसून मी समोरच्या रेघेकडे पाहत राहिलो आणि तिच्यावर राबलेल्या माणसांचा आकडा आठवला. १८६१ सालच्या सुरुवातीला एकट्या बोरघाटात बेचाळीस हजार माणसे कामावर होती. पुरुष होते, तशा डोक्यावरून दगडमाती वाहणाऱ्या बायका आणि मुलेही होती. पटकी आणि ताप यांनी हजारो मेली. पहिला कंत्राटदार विल्यम फॅविएल याच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी त्याने कंत्राट सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस मायदेशी परतली नाही. तिने ते कंत्राट स्वतःच्या नावाने पुढे चालवले आणि पूर्ण केले. परक्या मुलखात नवरा गेल्यावर बेचाळीस हजारांचे काम अंगावर घेणाऱ्या या बाईबद्दल आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. पण तिचे नाव निदान कागदावर आहे. सगळेच काम काही नीट झाले नव्हते, कारण १८६७ साली घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला आणि तो पुन्हा बांधावा लागला. तो पुन्हा बांधणारी माणसे कोण, हेही कागदावर नाही.

तीनच्या सुमारास आम्ही कोंढाण्याच्या वाटेला लागलो. ही उतरण सरळ आणि घसरडी आहे, वरच्या भागात सुटे दगड आणि खाली ओलसर झाडी. अर्ध्या वाटेवर आमच्यातल्या एकाच्या बुटाचा तळ पुढून उघडला आणि मगरीने तोंड वासावे तसा प्रत्येक पावलाला फटफटू लागला. सुतळी कोणाकडे निघाली नाही. शेवटी डब्याला बांधलेल्या फडक्याच्या चिंध्या करून तो बूट आवळला, आणि त्या माणसाने उरलेली वाट नवऱ्या मुलासारखी जपून पावले टाकत पार केली. पाय इतके थरथरत होते की कोणी त्याला हसले नाही. दोन हजार फुटांच्या आसपासचा उतार आपल्या अंगावर कुठे जमा होतो, हे तेव्हा नेमके कळले. गुडघ्यांना वीज तारेत परत टाकता येत नाही.

लेणी अचानक समोर येतात. कड्याच्या पोटात कोरलेला चैत्य, त्याची पिंपळपानासारखी कमान, आणि वरून अजून थेंब थेंब गळणारे पावसाचे पाणी. इसवीसनापूर्वीच्या शेवटच्या एकदोन शतकांत, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घाटावर चढत असे त्या काळात, भिक्खूंच्या वस्तीसाठी हे कोरले गेले. कोरणाऱ्यांनी दगडात लाकडाची नक्कल केली आहे. तुळया, कठडे, जाळ्या सगळे सुताराच्या हातचे असावे असे, आणि आहे तो मात्र काठी परत फेकणारा तोच कातळ. दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एका भल्यामोठ्या मूर्तीचा भंगलेला भाग आहे, चेहरा गेलेला, शिरोभूषण तेवढे ओळखू येणारे. तिच्यालगत ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. मी ती वाचू शकत नाही, पण ती काय आहे हे ठाऊक होते: कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. कण्हाचा, म्हणजे कृष्णाचा, शिष्य बलक याने हे केले.

दाता कोण, राजा कोण, किती कार्षापण नाणी दिली, असे तिथे काही नाही. गुरूचे नाव, स्वतःचे नाव आणि 'केले'. काकांनी अक्षरांना हात लावला नाही, पण त्यांच्या शेजारच्या मोकळ्या भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव होते, त्यावरून ते बोट फिरवत राहिले. "बोगद्यात गाडी थांबली की टॉर्च मारला तर अशाच खुणा दिसतात," ते म्हणाले. "आम्ही बोगद्यांना नंबरानं ओळखायचो."

चिंध्यांच्या बुटाचा मालक मूळचा खोपोलीचा. त्याने मग शिंग्रोबाची गोष्ट सांगितली. घाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे आणि तिथून जाणारी वाहने वेग कमी करून नाणे टाकतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. सांगतात ते असे की गोऱ्या साहेबांना घाट चढायची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला गोळी घातली गेली. या कथेला कागदाचा आधार कोणी मागत नाही आणि मागूही नये असे माझे मत आहे. बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाव हाती नसताना लोकांनी आपल्यातला एक उचलून त्याला देऊळ बांधले आणि दीडशे वर्षे ते त्याला टोल देत आहेत. आमच्या मित्राचे म्हणणे होते की त्याच्या आजोबांनी कधी गाडी चालवताना नाणे चुकवले नाही, आणि एकदा सुटे नव्हते म्हणून अर्धा विडा टाकला होता.

कोंदिवड्याला पोचेपर्यंत अंधार पडला. टमटममध्ये दाटीवाटीने बसून कर्जत स्टेशनात आलो तेव्हा पलीकडच्या फलाटावर पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती आणि तिच्या मागे बँकर लागत होते. आमची लोकल सुटायला दहा मिनिटे होती. सगळे जण वडापाव घेऊन बाकांवर पसरले, आणि काका पुन्हा एकदा त्या गाडीच्या शेपटीशी जाऊन उभे राहिले. जोडणी झाली, हलका धक्का डब्याडब्यांतून पुढे गेला, आणि कोणत्यातरी डब्याच्या डावीकडच्या खिडकीपाशी एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला कोपराने ढकलताना दिसली. गाडी हलली. काका घड्याळात पाहून म्हणाले, "आता पळसदरी," आणि आमच्या लोकलची शिट्टी ऐकून परत फिरले.